कादंबरी लिहायचा महागडा कोर्स लावताय? पैसे भरायच्या आधी अमेरिकेतल्या या शाळेची गोष्ट वाचा

रात्री जेवण झाल्यावर तुम्ही रील्स बघत पडलेले असता. एक मिसळीचा, एक मांजराचा, एक कुणाच्या तरी हळदीतल्या नाचाचा व्हिडिओ होतो आणि मध्येच एक माणूस पुस्तकांच्या कपाटासमोर बसून थेट तुमच्याशी बोलायला लागतो. तुमच्यातही एक कादंबरी दडलेली आहे, असं तो सांगतो. नव्वद दिवसांत ती बाहेर काढायची जबाबदारी त्याची. मूळ फी पन्नास हजार, ती खोडून खाली वीस हजार आणि ही सवलत फक्त आज रात्री बारापर्यंत. दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तेच कपाट आणि तीच बारापर्यंतची सवलत.

हसून पुढे जाता येतं. पण ज्यांच्या लॅपटॉपमध्ये ‘कादंबरी फायनल २’ नावाची फाईल चाळीसाव्या पानावर अडकून पडली आहे, त्यांचा अंगठा तिथे थांबतो. घरी दाखवावी तर ‘यातून पैसे किती मिळतात?’ हा पहिला प्रश्न. मित्राला पाठवली तर तीन महिने झाले, ‘वाचतो रे’ याच्या पुढे गाडी गेलेली नाही. अशा वेळी कुणी अनोळखी माणूस तुमच्यात लेखक आहे असं ठामपणे म्हणाला, की वीस हजार फार वाटत नाहीत. हप्त्याची सोय असेल तर अजिबातच नाहीत.

मग हे कोर्स खरे असतात की फसवणूक? काही खरोखर कामाचे असतात, बरेच नसतात. कुठला कोणत्या गटातला हे ओळखायला एक प्रश्न बऱ्यापैकी पुरतो. तो प्रश्न का महत्त्वाचा आहे हे समजून घ्यायचं तर पन्नास-साठ वर्षं मागे, अमेरिकेत जावं लागेल.

पंधरा नामवंत आणि एक चाचणी

१९६१ साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, वेस्टपोर्ट नावाच्या गावात ‘फेमस रायटर्स स्कूल’ सुरू झालं. ही पत्राद्वारे लेखन शिकवणारी शाळा. याच मंडळींची ‘फेमस आर्टिस्ट्स स्कूल’ नावाची चित्रकलेची शाळा आधीपासून जोरात चालत होती, तोच साचा त्यांनी लेखनाला लावला.

शाळेच्या जाहिरातींत पंधरा नामवंतांचे फोटो असायचे. त्यात ‘रँडम हाऊस’ या मोठ्या प्रकाशनसंस्थेचा संस्थापक बेनेट सर्फ होता. तो तेव्हा टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा होता. ‘ट्वायलाइट झोन’ ही गाजलेली मालिका लिहिणारा रॉड सर्लिंग होता. वाचणाऱ्याला वाटायचं, आपली गोष्ट ही माणसं तपासणार.

आधी एक ‘योग्यता चाचणी’ द्यावी लागायची. ती फुकट होती. घरी बसून लिहायची, पोस्टाने पाठवायची. काही दिवसांनी पत्र यायचं की तुमच्यात गुण आहेत, आम्हाला तुम्हाला शिकवायला आवडेल. मग दारात विक्रेता हजर. फी होती ७८५ डॉलर, हप्त्याने भरली तर ९०० च्या घरात. त्या काळच्या साधारण अमेरिकन कुटुंबाची ही महिन्याभराची कमाई. विद्यापीठांचे पत्राद्वारे चालणारे लेखनाचे अभ्यासक्रम तेव्हाही होते आणि ते कितीतरी स्वस्त होते. पण त्यांच्या जाहिरातीत टीव्हीवरचा माणूस नव्हता.

एका लेखकाला या चाचणीचा संशय आला. त्याने अर्धवट शिकलेल्या एका म्हाताऱ्या बाईचं सोंग घेऊन मुद्दाम गचाळ उत्तरं लिहून पाठवली. बाई पास झाल्या.

पुढे हे प्रकरण जेसिका मिटफर्ड या पत्रकार बाईंच्या हाती लागलं. त्यांचे पती ओकलंडमध्ये वकिली करायचे. त्यांच्याकडे सत्तरीतल्या एक विधवा बाई आल्या. तुटपुंज्या पैशांवर दिवस काढणाऱ्या या बाईंकडून शाळेच्या विक्रेत्याने कोर्सचा करार करून घेतला होता आणि आता त्यांना तो मोडायचा होता. वकिलाचं पत्र गेल्यावर पैसे परत आले. मिटफर्डबाई मात्र तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी त्या नामवंतांनाच एकेक करून फोन लावले.

तेव्हा कळलं की फोटोतली माणसं विद्यार्थ्यांचं लिखाण तपासतच नव्हती. तपासणारे वेगळे होते, पगारी. एवढ्या हजारो विद्यार्थ्यांचे कागद पंधरा जण तपासतील असं कुणाला वाटलंच कसं, असाच काहींचा सूर होता. सगळ्यात भारी उत्तर सर्फ यांचं. तुमच्या रँडम हाऊसने या शाळेच्या किती विद्यार्थ्यांची पुस्तकं काढली, असं बाईंनी विचारलं. ज्याचं पुस्तक आम्ही छापू असा जाणता माणूस पोस्टाने शिकायला कशाला येईल, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. म्हणजे जाहिरातीत फोटो त्यांचा, आणि कोर्सवर विश्वास सर्वांत कमी तोही त्यांचाच.

शाळेच्या धंद्याचं गणित आणखी एका गोष्टीवर उभं होतं. भरपूर लोक हौसेने नाव घालायचे, पहिले काही धडे करायचे आणि मग गळायचे. गळालेल्यांचे कागद तपासावे लागत नाहीत, पण करार झालेला असल्याने हप्ते मात्र सुरूच राहतात. व्यायामशाळेची वर्षाची फी भरून फेब्रुवारीनंतर न जाणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

जुलै १९७० मध्ये मिटफर्ड यांचा लेख ‘अटलांटिक’ मासिकात आला आणि गदारोळ झाला. चौकशा सुरू झाल्या, शाळेच्या कंपनीचे शेअर आपटले आणि १९७२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

आता पुन्हा रात्रीच्या त्या रीलकडे या. पोस्ट गेलं, मोबाईल आला. दारातला विक्रेता गेला, ‘कौन्सेलर’चा कॉल आला. फुकट चाचणीच्या जागी फुकट वेबिनार आला. बाकी साचा जुनाच आहे. म्हणून पैसे भरायच्या आधी विचारायचा प्रश्न असा: माझी पानं नक्की कोण वाचणार, किती पानं वाचणार आणि किती वेळा? कादंबरीकाराला लागणारी आणि एकट्याने मिळवता न येणारी गोष्ट तीच आहे. बाकी बहुतेक सगळं दुसरीकडे मिळतं.

कोर्समध्ये आपण विकत काय घेतो?

पहिली गोष्ट म्हणजे माहिती. कथानक कसं बांधायचं, निवेदक प्रथमपुरुषी ठेवायचा की तृतीयपुरुषी, संवाद कसे लिहायचे वगैरे. ही माहिती वाईट नसते, पण दुर्मिळही नसते. तुमच्या आवडीच्या तीन कादंबऱ्या हातात पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा वाचल्या, लेखक कुठे माहिती लपवतो, कुठे प्रकरण तोडतो याच्या खुणा केल्या, तर यातलं बरंच काही हाती लागतं. आधी चित्रित केलेल्या पन्नास व्हिडिओंचा कोर्स म्हणजे फक्त ही पहिली गोष्ट. तिला वीस हजार देणं मला तरी पटत नाही.

दुसरी गोष्ट मुदत. गुरुवारी रात्रीपर्यंत दहा पानं द्यायची आहेत म्हटल्यावर माणूस लिहितो. यात हसण्यासारखं काही नाही, दिवाळी अंकाच्या संपादकाचा फोन आल्याशिवाय लेखणी न उचलणारे नामवंत मराठीत कमी झालेले नाहीत.

तिसरी गोष्ट वाचक, त्याबद्दल वर बोललोच.

चौथी गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण परदेशातल्या कोर्सच्या यशोगाथा आपल्याकडे दाखवल्या जातात त्या तिच्या जोरावर. ती म्हणजे ओळख.

इंग्लंडमध्ये ‘फेबर’ या प्रकाशनसंस्थेची अकादमी आहे. तिथला कादंबरीलेखनाचा सहा महिन्यांचा कोर्स चार हजार पौंडांच्या आसपास जातो, म्हणजे आपले चार लाखांच्या वर. २००९ मध्ये तिथे एस. जे. वॉटसन नावाचा माणूस शिकायला आला. तो सरकारी आरोग्यसेवेत श्रवणतज्ज्ञ होता. कोर्सच्या शेवटी विद्यार्थी साहित्यिक एजंट लोकांसमोर आपलं लिखाण वाचतात. त्या कार्यक्रमात त्याला एजंट भेटली. २०११ मध्ये ‘बिफोर आय गो टू स्लीप’ ही कादंबरी आली, जगभर खपली आणि २०१४ मध्ये निकोल किडमनला घेऊन तिच्यावर सिनेमाही आला.

गोष्ट शंभर टक्के खरी आहे. पण ती मराठीला लागू होते का? इंग्रजी प्रकाशनाच्या जगात मोठे प्रकाशक अनोळखी लेखकाचं हस्तलिखित सहसा थेट घेत नाहीत, एजंटमार्फतच घेतात. त्यामुळे एजंट भेटण्याची जागा ही तिथे मौल्यवान वस्तू आहे. फीचा मोठा वाटा त्या दाराचा असतो. मराठीत असं दारच नाही. साहित्यिक एजंट ही जमात आपल्याकडे जवळजवळ अस्तित्वात नाही. प्रकाशकाच्या पत्त्यावर किंवा ईमेलवर तुम्ही स्वतः हस्तलिखित पाठवू शकता, फोन करून ‘पोचलं का’ विचारू शकता. उत्तर यायला वर्षही लागेल, ती तक्रार रास्त आहे. पण दार उघडून देतो म्हणून कुणी मराठीत पैसे मागत असेल, तर ते दार आधीच उघडं आहे हे लक्षात ठेवा.

आणि जगातली सगळ्यात प्रसिद्ध लेखनशाळा काय म्हणते? अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातली ‘रायटर्स वर्कशॉप’ १९३६ पासून चालू आहे. तिथून शिकून गेलेल्यांच्या पुलित्झर पारितोषिकांची यादी मोठी आहे. तरी ही संस्था स्वतःबद्दल जे सांगते त्याचा सारांश असा, की लेखन शिकवता येत नाही, लेखकाला बळ देता येतं, आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या यशात आम्ही काय दिलं यापेक्षा ते काय घेऊन आले याचा वाटा मोठा. शिवाय तिथे निवड झालेल्या विद्यार्थ्यांना आर्थिक मदत मिळते. निवड इतकी कडक, की बहुतेकांना नकारच येतो. ‘सगळ्यांना प्रवेश, सगळ्यांना यशाची हमी’ हे वाक्य तिथे ऐकू येणार नाही.

हिशोब मांडून बघा

समजा तुमची कादंबरी पूर्ण झाली, चांगल्या प्रकाशकाने स्वखर्चाने काढली. किंमत ३०० रुपये. लेखकाला १० टक्के मानधन. हजार प्रतींची आवृत्ती, जी आजकाल नवख्या लेखकासाठी मोठीच समजायची. सगळ्या प्रती खपल्या, आणि त्याला दोन-चार वर्षं लागू शकतात, तर तुमच्या हाती येणार ३०,००० रुपये.

म्हणजे वीस हजारांच्या कोर्सने पहिल्या कादंबरीची दोन तृतीयांश कमाई आधीच संपवली. चाळीस हजारांचा असेल तर तुम्ही दहा हजारांनी खाली. पैसे मिळावेत म्हणून कुणी कादंबरी लिहीत नाही हे मान्य. गाण्याच्या क्लासला पैसे घालताना आपण परताव्याचा हिशोब करत नाही, तसं हेही हौस म्हणून करायला काहीच हरकत नाही. फक्त जाहिरातीत ‘लेखनातून उत्पन्न’ हे शब्द दिसले की वरची चार वाक्यं आठवा. आणि त्यासाठी कर्ज किंवा क्रेडिट कार्डाचे हप्ते अजिबात नकोत.

काही कोर्सच्या शेवटी खरी विक्री सुरू होते. ‘आता तुमचं पुस्तक आम्हीच काढू’ म्हणून पॅकेज पुढे येतं, त्यात मुखपृष्ठ, छपाई, आयएसबीएन, प्रकाशन समारंभ असं सगळं. त्यातल्या एका गोष्टीची किंमत जरूर विचारा. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक भारतात केंद्र सरकारच्या यंत्रणेकडून मोफत मिळतो, आणि स्वतःचं पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही तो घेता येतो. त्याचे वेगळे पैसे लावलेले दिसले, तर बाकीच्या आकड्यांकडेही जरा नीट बघा.

मग फुकटात काय मिळतं?

अशा चर्चेत कुणीतरी हमखास लिहितं, ‘नेमाड्यांनी कुठला कोर्स लावला होता?’ टाळ्या पडतात. ‘कोसला’ आली १९६३ साली, नेमाडे तेव्हा पंचविशीत होते, आणि कोर्स नव्हता हे बरोबर. पण ते एकटे नव्हते. अशोक शहाणे, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर ही लघुनियतकालिकांतली मंडळी आजूबाजूला होती. रात्र रात्र वाद घालणारे, एकमेकांचं वाचणारे, वाईट असेल तर तोंडावर सांगणारे. कोर्सला पर्याय ‘एकट्याने लिहिणं’ हा नसतोच. पर्याय असतो तो अशा चार माणसांचा.

त्याच्याही आधी, १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश अशी ही कवी मंडळी रविवारी चहाला जमायची आणि नव्या कविता एकमेकांना वाचून दाखवायची. मंडळाने स्वतःच पुस्तकंही काढली. फी शून्य, चहाचा खर्च वेगळा. त्यांची टिंगल झालीच, आणि ती साधीसुधी नाही, आचार्य अत्र्यांनी केली. ‘झेंडूची फुले’ त्यातूनच आली. एकमेकांची पाठ थोपटणारा कंपू, हा आरोप लेखकांच्या प्रत्येक गटावर होतो आणि तो नेहमीच खोटा असतो असंही नाही.

हे कवी झाले. कादंबरीचं दुखणं वेगळं आहे. कविता एका रविवारी होऊ शकते, कादंबरीला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत धीर सुटतो. त्यासाठी ऑक्सफर्डचं उदाहरण बघण्यासारखं आहे. १९३० आणि ४० च्या दशकांत तिथे ‘इंकलिंग्ज’ नावाचा प्राध्यापक-मित्रांचा गट होता. गुरुवारी रात्री सी. एस. लुईस यांच्या कॉलेजातल्या खोलीत जमायचं, जो तो आपलं नवं लिखाण वाचणार, बाकीचे झोडपणार. मंगळवारी दुपारी पबमध्ये नुसत्या गप्पा. याच गटात टॉल्किन ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची प्रकरणं लिहून होतील तशी वाचत होते.

टॉल्किन यांनी ती कादंबरी १९३७ च्या डिसेंबरात सुरू केली आणि ती छापून आली १९५४-५५ मध्ये. मध्ये महायुद्ध, नोकरी, चार मुलं आणि कित्येक वेळा महिनोन्महिने अडकलेलं काम. लुईस यांचं आपल्यावर मोठं ऋण आहे, असं त्यांनी पुढे लिहिलं. ऋण सल्ल्याचं किंवा प्रभावाचं नव्हे. ‘पुढचं कधी वाचून दाखवतोस’ हा तगादा लावणारा माणूस होता, म्हणून पुस्तक पूर्ण झालं, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्याच गटात ह्यूगो डायसन नावाचे गृहस्थ होते. त्यांना टॉल्किनच्या परीकथा अजिबात आवडायच्या नाहीत. वाचन सुरू झालं की त्यांची कुरकुर सुरू. शेवटी डायसन आले की टॉल्किन वाचन थांबवायचे. तुमच्या गटात एक डायसन निघणारच. त्याला गटात ठेवा, पण कादंबरीचं भवितव्य त्याच्या हातात देऊ नका.

मुदतीसाठीही पैसे लागत नाहीत, हे ‘नॅनोरायमो’ने दाखवलं होतं. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकवीस जणांनी महिन्याभरात ५०,००० शब्दांचा कच्चा खर्डा लिहायची पैज लावली. पुढे दरवर्षी नोव्हेंबरात जगभरातले लाखो लोक हे करू लागले. सारा ग्रुएनची ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ अशाच एका नोव्हेंबरात सुरू झाली होती. ती संस्था २०२५ मध्ये बंद पडली. पण नोव्हेंबर दरवर्षी येतोच आणि शब्द मोजायला संस्था लागत नाही.

गट चालवायचा कसा

व्हॉट्सॲपवर ‘नवोदित कादंबरीकार’ नावाचा अडीचशे जणांचा ग्रुप म्हणजे गट नव्हे. तिथे सुप्रभात, पुरस्कारांचे फोटो आणि ‘वा! अप्रतिम!’ एवढंच पिकतं. अप्रतिम म्हणणाऱ्याने वाचलेलं नसतं, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं.

चार किंवा पाच माणसं पुरतात. सगळे कादंबरीच लिहिणारे असतील तर उत्तम, नाहीतर कथावाल्याची गोष्ट दर महिन्याला संपते आणि तुमचं सातवं प्रकरण ऐकताना त्याला सहावं आठवत नाही. पंधरा दिवसांनी एकदा भेटायचं. एका भेटीत दोघांचीच पानं घ्यायची, प्रत्येकी दहा-पंधरा, आणि ती तीन दिवस आधी सगळ्यांकडे पोचायला हवीत. ज्याने वाचलं नाही त्याने त्या दिवशी बोलायचं नाही.

चर्चा चालू असताना ज्याची पानं आहेत त्याने गप्प बसायचं. आयोवाच्या वर्कशॉपपासून ही पद्धत जगभर रूढ झाली. तिच्यावर अलीकडे टीकाही होते, पण सुरुवातीला ती उपयोगी पडते. कारण तुम्ही बोलायला लागलात की ‘मला असं म्हणायचं होतं’ हे समजावत बसता. पुस्तकाच्या दुकानात वाचकाशेजारी तुम्ही उभे नसणार.

बोलणाऱ्यांनी काय सांगायचं? ‘छान’ किंवा ‘भाषा अजून खुलायला हवी’ हे नाही. कुठे लक्ष उडालं, कुठे कोण बोलतंय ते कळेना, कोणत्या पानावर फोन उचलावासा वाटला, हे सांगायचं. उपाय सुचवायचा मोह टाळायचा. नायिकेला कोल्हापूरऐवजी नागपूरला पाठव, असं म्हणणारा स्वतःची कादंबरी लिहीत असतो. चौघांपैकी तिघे एकाच पानावर अडखळले असतील तर तिथे काहीतरी बिघडलंय. ते काय, हे शोधणं तुमचं काम.

जागेचा प्रश्न असेल तर गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला विचारून बघा. महाराष्ट्रात शतक ओलांडलेली कितीतरी वाचनालयं आहेत आणि दुपारी त्यांच्या वाचनकक्षात दोन आजोबा आणि एक पंखा एवढंच असतं. पुणे, ऑस्टिन आणि दुबई असे विखुरलेले असाल तर व्हिडिओ कॉल आहेच, फक्त वेळेचं गणित एकदा नीट जमवा.

गट मोडतात, हेही सांगायला हवं. कुणाचं लग्न होतं, कुणाची बदली होते, एकाचं पुस्तक आधी येतं आणि बाकीच्यांच्या घशात काहीतरी अडकतं. दोन वर्षं चाललेला गट म्हणजे चांगला चालला म्हणायचं.

कोर्स कधी लावावा?

ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकन लेखिकेच्या आयुष्यात दोन्ही प्रकार घडले. आई लोकांच्या घरी कामाला जायची, वडील लहानपणीच गेलेले. ऑक्टेव्हियाला लेखक व्हायचंय म्हणून आईने काटकसरीतून पैसे काढून एका तथाकथित एजंटला दिले, साधारण महिन्याच्या घरभाड्याइतके. तो भामटा निघाला, पैसे बुडाले.

पुढे त्यांना लॉस एंजेलिसमध्ये पटकथालेखकांच्या संघटनेने होतकरू लेखकांसाठी चालवलेल्या एका वर्गात प्रवेश मिळाला. तिथे हार्लन एलिसन हे विज्ञानकथालेखक शिकवत होते. त्यांनी बटलर यांची पानं वाचली आणि ‘क्लेरियन’ या सहा आठवड्यांच्या निवासी कार्यशाळेला जायला सुचवलं. १९७० मध्ये त्या गेल्या. तिथे दर आठवड्याला नवा लेखक शिकवायला, रोज लिहायचं, रोज एकमेकांचं वाचायचं. तिथेच त्यांच्या पहिल्या दोन कथा विकल्या गेल्या.

पण पुढची पाच वर्षं एकही कथा विकली गेली नाही. त्या भांडी धुण्याची, वेफर्स निवडण्याची कामं करत राहिल्या, पहाटे दोनला उठून लिहीत राहिल्या. पहिली कादंबरी १९७६ मध्ये आली. १९९५ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, विज्ञानकथा लिहिणाऱ्या पहिल्याच लेखकाला मिळालेली.

बुडालेले पैसे आणि सत्कारणी लागलेले पैसे यांत फरक होता तो समोरच्या माणसाने खरंच पानं वाचण्याचा. म्हणून कोर्सवाल्याला फोनवर स्पष्ट विचारा. एका तुकडीत किती जण? शिकवणाऱ्याची स्वतःची कोणती कादंबरी कुठल्या प्रकाशकाने काढली? ती आधी वाचनालयातून आणून वाचा, आवडली नाही तर विषय संपला. माझं लिखाण तोच वाचणार की ‘आमची टीम’? लेखी अभिप्रायाचा एखादा नमुना दाखवाल का? मध्येच सोडल्यास पैसे परत मिळण्याचा नियम कुठे लिहिला आहे? पंधरा-वीस जणांची तुकडी, समोर वाचणारा लेखक, प्रत्येकाच्या निदान चाळीस-पन्नास पानांवर लेखी शेरे, असा कोर्स परवडणाऱ्या फीमध्ये मिळत असेल तर जरूर लावा. त्याचे पैसे मागणाऱ्याचं काही चुकत नाही, शंभर पानं नीट वाचून शेरे मारणं हे घाम काढणारं काम आहे. अभिप्रायाची हमी नसलेल्या पाचशे जणांच्या थेट प्रक्षेपणाला मात्र फी नको, मोबाईलचा डेटा पुरे.

खासगी कोर्स शोधायच्या आधी सरकारी पाट्याही वाचाव्यात, कारण त्यांची जाहिरात रीलवर येत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशा लेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी नवलेखक अनुदान योजना राबवतं. कादंबरी त्यात बसते. मंडळ नवलेखकांच्या कार्यशाळाही घेतं. केंद्राने २०२१ मध्ये तीस वर्षांखालच्या लेखकांसाठी ‘पीएम युवा’ योजना आणली. पहिल्या खेपेला ७५ जण निवडले गेले, त्यांना सहा महिने दरमहा ५०,००० रुपये आणि मार्गदर्शक मिळाला. मराठीतून लिहिणारेही पात्र होते. विषय सरकार ठरवतं, त्यामुळे तुमची सदाशिव पेठेतली प्रेमकथा तिथे बसायची नाही. पण लेखनासाठी पैसे भरायचे नसून मिळतात, अशा जागाही आहेत.

आणि आधीच पैसे भरून बसला असाल तर? जाहिरातीत दिलेलं वचन पाळलं गेलं नसेल तर ते पान, पावती, चॅट यांचे स्क्रीनशॉट काढा, आधी लेखी परतावा मागा, आणि टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. कोर्स ठीकठाक असेल, नुसता महाग असेल, तर उरलेल्या आठवड्यांत शिकवणाऱ्याकडे कमी आणि सहाध्यायांकडे जास्त लक्ष द्या. तुमच्या पानांवर बोलताना कोण नेमकं बोट ठेवतो ते बघा. असे तिघं सापडले की त्यांचे नंबर घ्या आणि कोर्स संपायच्या आत पुढच्या रविवारची वेळ ठरवून टाका.